दुपारची चांदणी

१

आमच्या घरी नळ आला तेव्हा मी तोटीला हळदकुंकू वाहिलं होतं. ह्यांना हसू आलं, पण मला त्याची लाज वाटली नाही. माझं माहेर अंथुर्ण्याचं. कळायला लागल्यापासून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन मी ओढ्याकाठच्या विहिरीच्या खेपा घातलेल्या. घरातल्या घरात तोटी फिरवावी आणि पाणी यावं, हे सुख जन्मापासून मिळालेल्या माणसाला कळायचं नाही.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. बारामतीतून कन्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही तीन खोल्या बांधल्या होत्या. हे, म्हणजे माझे मिस्टर दादासाहेब, एका डेअरीत दूध तपासायच्या कामावर होते. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, साखरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या निरवांगीच्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, त्यामुळे घर पक्कं झालं तरी सवयी रानातल्याच. पाणी कधी पेल्यानं प्यायच्या नाहीत. तोटीखाली उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची आणि डोळे मिटून प्यायचं.

मला आई नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा ह्याच बाईनं मला चमच्या-चमच्यानं पेज भरवून उभं केलं. शेजारणी म्हणायच्या, सून आजारी पडली की सासवा माहेरी धाडतात. आत्याबाई म्हणायच्या, "तिला म्हायार कुठं हाय? मीच हाय."

मीटर बसवायला आलेल्या माणसानं जाताना एक गोष्ट सांगितली होती. घरातल्या सगळ्या तोट्या बंद करायच्या आणि मीटरच्या काचेत बघायचं. आकड्यांखाली एक बारीक तांबडी चांदणी असते. ती थांबलेली असली म्हणजे सगळं ठीक. फिरत असली तर कुठंतरी गळतंय.

ह्यांना असल्या गोष्टींची फार हौस. दर रविवारी सकाळी, नळाला पाणी असतानाच, हे अंगणात मीटरच्या खड्ड्यापाशी बसून ओरडायचे.

"मोरीतली बंद?"

"बंद," मी आतून सांगायची.

"परसातली?"

"बंद."

"आये, तुझी?"

"माझी कंची तोटी? हितं सगळ्या तुझ्याच," आत्याबाई म्हणायच्या. "देवाला न्हाय एवढं त्या मीटरला पुजतंय माझं पोरगं."

चांदणी थांबलेली असायची. हे झाकण लावून, हात झटकत आत यायचे आणि चहा मागायचे. आमचा रविवार असा सुरू व्हायचा.

२

पुढच्या चैत्रात मी अंगणात बाजेवर कुरडया घातल्या होत्या. दुपारची वेळ. हे कामावर, आत्याबाई मागच्या खोलीत पडलेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाज जरा सावलीकडे ओढताना माझं लक्ष मीटरच्या खड्ड्याकडे गेलं. झाकण उघडंच राहिलं होतं.

काचेत चांदणी फिरत होती.

आमच्याकडे पाणी सकाळी यायचं आणि ऊन चढायच्या आत जायचं. दुपारी पाइप कोरडा ठणठणीत. मी घरात जाऊन एकेक तोटी बघितली. सगळ्या बंद. परसातली उघडून बघितली, तर थेंब नाही, साधा फुसका आवाजही नाही. परत येऊन खड्ड्यापाशी बसले.

चांदणी थोडी फिरायची, थांबायची. पुन्हा थोडी फिरायची, थांबायची. मग जरा जास्त वेळ थांबायची, आणि पुन्हा सुरू.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हवा असेल. रिकाम्या लाइनीत हवा खेळते, तिनंसुद्धा चाक फिरतं."

"पण वरचा आकडा हलत नव्हता," मी म्हणाले. "चांदणी एवढी फिरली तरी आकडा तिथंच."

"म्हणजे हवाच. पाणी असतं तर आकडा सरकला असता."

मला ते पटलं. खरंच पटलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं सोपं आणि बरोबर होतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाकण उचललं. चांदणी फिरत होती. तिसऱ्या दिवशीही. आत्याबाई मागच्या खोलीत आडव्या झाल्या, घर गप झालं, की ती सुरू व्हायची. आणि मी जर भांडी आपटत असेन, रेडिओ लावलेला असेल, तर ती थांबलेली असायची.

हे मी ह्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही ते.

३

मानसिंग नावाचा नळाची कामं करणारा ओळखीचा होता. ह्यांनी माझ्या समाधानासाठी त्याला बोलावलं. त्यानं अंगणापासून मागच्या भिंतीपर्यंत चर खणून पाइप उघडा केला. माती सगळी भुसभुशीत आणि कोरडी. ओल कुठंच नाही.

"वहिनी, गळती न्हाय," तो म्हणाला. "मागच्या खोलीत पाइप भितीतनं वर गेलाय, तेवढा बघतो."

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात छोटी मोरी होती. तिथं गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तोटी, आत्याबाईंच्या सोयीसाठी मुद्दाम खाली बसवलेली. मानसिंगनं तोटीच्या वरच्या पाइपाला कान लावला. मी दारात उभी होते. त्याचा चेहरा आधी लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा होता. मग तो तसाच राहिला, पण डोळे हलले. त्यानं माझ्याकडे बघितलं, बाजेवर झोपलेल्या आत्याबाईंकडे बघितलं आणि कान काढला.

"काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाय."

"मग एवढा वेळ काय ऐकत होता?"

त्यानं पिशवी भरायला घेतली. "गळतीचा आवाज लागून येतो, वहिनी. सूंऽऽ असा. ह्यो मधी मधी थांबतोय."

"म्हणजे?"

"म्हंजे गळती न्हाय," असं म्हणून तो चहा न घेताच गेला. चर बुजवायला दुसऱ्याला पाठवला.

त्या दुपारी मी स्वतः कान लावला. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, त्यांचा संथ श्वास ऐकू येत होता. पाइप उन्हाळ्यातसुद्धा गार होता. आधी काहीच नाही. मग आतून, फार लांबून नाही, घोट घेतल्याचा आवाज आला. एक. दुसरा. तिसरा. मग दम घेतल्यासारखा लांब श्वास. तहानलेलं माणूस भांडं तोंडापासून न हलवता, नाकानंच श्वास घेऊन पुन्हा पितं ना, तसा.

मी स्वतःला सांगितलं, हवा आहे. हवा पाइपात अडकून असा आवाज करत असेल. मी कान आणखी दाबला.

आवाज थांबला.

तो संपला नव्हता. कुणीतरी पिता पिता थांबलं होतं. मी ऐकत होते, आणि पलीकडेही कुणीतरी ऐकत होतं. किती वेळ आम्ही तशा होतो, मला सांगता यायचं नाही. शेवटी मीच कान काढला आणि पाय न वाजवता अंगणात आले. कुरडया वाळल्या होत्या. मी त्या उगाच उलट्या करत बसले.

४

"हवाच आहे ना," हे म्हणाले, "मग सोपं आहे. पाणी गेलं की मीटरजवळचा कॉक बंद करून टाकू. हवा येणार नाही, तुलाही झोप लागेल."

त्यांनी पान्हा घेऊन कॉक आवळला. चांदणी थांबली. मी त्या दुपारी पुन्हा जाऊन बघितलं, पाइपालाही कान लावला. शांत. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं मला वाटलं. सकाळी पाणी यायच्या वेळेला कॉक उघडायचा, भरून झालं की बंद करायचा, असं आम्ही ठरवलं.

मग घर कोरडं पडायला लागलं.

पहिल्यांदा माठ. सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी तळाला गेलेला. उन्हाळा होता, म्हटलं माठ पाझरतोय. भिजत घातलेली मटकी दुपारी बघितली तर टणक, वाटीत पाण्याचा मागमूस नाही. देवापुढच्या तांब्यातलं पाणी जायचं. मळून ठेवलेली कणीक वरून तडकायची. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि ते कारण ऊन होतं. मीही तेच म्हणत राहिले.

एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "रोहिणे, घसा लई कोरडा पडलाय गं."

मी तांब्या दिला. त्या मोरीपाशी बसून ओंजळीनं प्यायल्या. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. दुसऱ्या दिवशी तांब्या त्यांच्या उशाशीच ठेवावा लागला. ओठांना चिरा पडल्या. जीभ पांढरी झाली. इतकं पाणी पिऊन बाईला लघवीला म्हणून उठावं लागत नव्हतं. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

डॉक्टर घरी आले. म्हणाले, "म्हातारी माणसं उन्हाळ्यात पाणी कमी पितात."

"कमी?" मी म्हणाले. "दिवसभर दुसरं काही करतच नाहीत त्या."

साखर तपासली, काही निघालं नाही. दवाखान्यात ठेवून सलाइन लावलं, तर दुसऱ्याच दिवशी त्या उठून बसल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी गप्पा मारायला लागल्या. आम्ही आनंदानं त्यांना घरी आणलं. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओठ पुन्हा फाटले होते.

५

ती दुपार मला अजून स्वच्छ आठवते. हे गाडी आणायला गेले होते. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. मी आत्याबाईंच्या बाजेवर बसून चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी सोडत होते. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण मला ओळखत नव्हते. मला त्यांनी असंच भरवलं होतं एके काळी. तेव्हा त्या प्रत्येक चमच्याला म्हणायच्या, "गीळ गं माझी बाय." मीही तेच म्हणत होते.

"गिळा आत्याबाई. एवढं गिळा."

तोंडातलं पाणी जात होतं. वाळूत ओतल्यासारखं मुरत होतं. मी दुसरा चमचा दिला, आणि घोट गिळल्याचा आवाज आला. मला इतकं बरं वाटलं. तिसरा दिला. पुन्हा आवाज.

मग माझी नजर त्यांच्या गळ्यावर गेली.

गळा हलत नव्हता.

मी चौथा चमचा दिला आणि त्या सुरकुतलेल्या, स्थिर गळ्याकडे बघत राहिले. घोटाचा आवाज आला. भिंतीतून आला. मोरीच्या कोपऱ्यातून, त्या बुटक्या तोटीच्या वरच्या पाइपातून.

चमचा माझ्या हातातून पडला. त्या क्षणी मी काही विचार केला असं म्हणणार नाही. विचार करणारी रोहिणी गेले कित्येक दिवस उन्हाला दोष देत बसली होती, तिच्याच्यानं काही झालं नव्हतं. मी पान्हा घेऊन अंगणात धावले, मीटरपाशी गुडघ्यावर बसले आणि कॉक फिरवायला लागले. तो घट्ट बसला होता. तळहाताची साल निघाली. शेवटी एकदाचा हलला, आणि मी तो पूर्ण उघडला.

काचेतली चांदणी आधी थरथरली. मग अशी फिरायला लागली की तिची टोकं दिसेनात, नुसतं तांबडं वर्तुळ दिसत होतं.

मी परत आत पळाले. बाहेरच्या उन्हातून एकदम त्या खोलीत शिरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या अंधारीत मला दिसलं, आत्याबाई मोरीत तोटीखाली उकिडव्या बसल्या आहेत. पाठ माझ्याकडे. पिकलेले केस मानेवर सुटलेले. ओंजळ तोटीला लावलेली, मान खाली, आणि त्या पीत होत्या. पाठीचा कणा दर घोटाला हलत होता.

"उठलात?" मी म्हणाले. जीव भांड्यात पडला माझा. "अहो, थांबा, पडाल."

त्यांनी पिणं थांबवलं. मान वळवली नाही. पण कान दिल्यासारखं डोकं जरा तिरपं झालं.

तेवढ्यात डाव्या हाताला बाज करकरली. मी तिकडं बघितलं. आत्याबाई बाजेवर होत्या. मी सोडून गेले तशाच, उताण्या.

मला पुन्हा मोरीकडे बघायचं नव्हतं, पण विसरूनही चालणार नव्हतं, कारण बाज आणि मोरी यांच्यामध्ये दोनच पावलांचं अंतर होतं. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच कळत होतं की तिथं अजून कुणी आहे, आणि ते माझ्या बोलण्याची वाट बघतंय. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ते शिकलेलं नव्हतं, अंथुर्ण्याचं होतं. विहिरीवर कुणी वाटसरू बाई आली की आम्ही पोरी तिला म्हणायचो, तेच.

"पी बाई," मी म्हणाले. "पोटभर पी. कुनी न्हाय म्हणत न्हाय. पर हिला सोड."

मग घोट घेतल्याचा आवाज आला. सावकाश. पुन्हा एक. मी बाजेवर वाकून आत्याबाईंच्या तोंडात पाणी सोडलं आणि त्यांच्या गळ्यावर बोट ठेवलं.

बोटाखाली गळा हलला.

मी दुसरा चमचा दिला. हलला. मी रडत रडत चमचे देत राहिले, आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी माझ्याबरोबरीनं पीत राहिलं. आधी आवाज मोठा होता, मग बारीक झाला, मग भिंतीत गेला.

हे गाडी घेऊन आले तेव्हा मोरी रिकामी होती. तोटी बंद, आणि दुपारची म्हणून कोरडीही. पण मोरीतली फरशी सगळी ओली होती. फक्त मध्यभागी दोन पावलांएवढी जागा कोरडी होती.

६

पुण्याला जावं लागलं नाही. संध्याकाळी आत्याबाईंनी चहा मागितला. साखर जास्त घाल म्हणाल्या, तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं हवा म्हणतील, ऊन म्हणतील. पण हे उठून अंगणात गेले, मीटरच्या कॉकला तारेचे वेढे घालून तो उघडाच राहील असा बांधून टाकला. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तू त्या वेळी घरात होतीस म्हणून."

मी म्हणाले, "तिनं ऐकलं म्हणून."

आठवड्यानं आत्याबाईंच्या केसांना तेल लावताना मी हळूच विचारलं, "आजारात तुम्हाला काय होत होतं?"

त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडात पाणी पडायचं गं. चवबी लागायची. पर घशाखाली दुसऱ्याच कुणाच्या जायचं."

"भीती वाटली?"

"लई वाटली." मग माझा हात डोक्यावरच धरून म्हणाल्या, "पर वाईट न्हवती ती. तानेली हुती नुसती. म्या मेंढराबरूबर हिंडताना अशी तहान बघितलीय. त्या टायमाला मानूस कुनाचं बघत न्हाय, पोटच्या पोराचंबी न्हाय. आन् हिनं तर तू सांगितल्याबरूबर मला सोडलं. लई उपकार झालं म्हनायचं."

त्या दुपारी मी झाकण उचलून बघितलं. चांदणी शांतपणे फिरत होती. मला पहिल्यांदा तिची भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर वाटली, पण त्या भीतीपेक्षा दुसरं काहीतरी जास्त होतं. मी तिथंच उकिडवं बसून दोन्ही हात जोडले. पावसाळा लागेपर्यंत रोज जोडत होते. आषाढात एका दुपारी चांदणी थांबली, ती पुन्हा दुपारची फिरली नाही. मी रोज जाऊन बघायची. हे म्हणायचे, बरंच झालं की. बरंच झालं होतं.

आत्याबाई पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. नातवंडं खेळवली, दोनदा मोरगावला जाऊन आल्या. त्या पाणी प्यायला बसल्या की मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. त्यांना वाटायचं मला काहीतरी हवंय.

"काय गं?" ओंजळ तोंडाशी धरूनच त्या विचारायच्या.

"काही नाही. प्या तुम्ही," मी म्हणायची आणि त्यांचा गळा हललेला बघून मगच आत जायची.